मागचा आवाज

खोडरबर खाली पडलं आणि ते उचलायला मुलगी वाकली, एवढंच झालं. ती वाकली तेव्हा इतका वेळ तिच्या खांद्याआड असलेला फोन त्याला दिसला. टेबलावरच्या दिव्याला टेकवून उभा केलेला फोन, चालू, आणि त्यात चार चौकोन. चार चौकोनांत चार मुलं. तिघांच्या माना वह्यांमध्ये होत्या. चौथी, मोठ्या गोल चष्म्याची, लिहायचं थांबवून सरळ त्याच्याकडे बघत होती. पलंगाच्या कडेवर बसलेल्या त्याच्याकडे आणि त्याच्या मांडीवर पडलेल्या उजव्या हाताकडे. नजरानजर झाली तशी तिने हळूच डोळे खाली घेतले आणि पुन्हा लिहायला लागली. मुलगी खोडरबर घेऊन सरळ झाली, फोन परत तिच्या खांद्यामागे गेला. तिच्या कानांवर ते भलेमोठे हेडफोन होते, लॅपटॉपला जोडलेले, आणि त्यांतून कुणीतरी तिला रसायनशास्त्र समजावून सांगत होतं. तिला काहीही ऐकू गेलं नव्हतं. तो आत्ता जे बोलला होता, आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने बोलला होता, ते तिला सांगायचं होतं. आणि तिला सोडून तिथे हजर असलेल्या सगळ्यांनी ते ऐकलं होतं.

मुलीच्या पाठीशी बोलायची त्याला खोडच होती. ती लहान होती तेव्हा तोंडाशी बोलायचा, दिवसभर बोलायचा, दोघांची बडबड ऐकून बायको म्हणायची, एकाची तरी बॅटरी काढा. मग मुलगी तेराची झाली, चौदाची झाली, आणि तिच्या तोंडावर एक दार लागल्यासारखं झालं. भांडण नाही, काही नाही. विचारलं की उत्तर मिळायचं, पण विचारलं तेवढंच. त्याच सुमारास त्याने तिला वाढदिवसाला हे हेडफोन आणून दिले, बाहेरचा आवाज आत येऊ न देणारे. स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा, असं तो नंतर गमतीने म्हणायचा. पण त्यातून त्याला एक सोय सापडली. संध्याकाळी कामावरून आलं की चहाचा कप घेऊन तिच्या खोलीत जायचं, पलंगाच्या कडेवर टेकायचं, आणि तिच्या पाठीला सगळं सांगायचं. मालकाचा चिक्कूपणा, गुडघ्याची कुरकुर, तू निळा शर्ट घातलास की आजीसारखी दिसतेस, परवा तुझ्यावर उगाच ओरडलो. तिला वाटायचं बाबा दमून येतात आणि जरा टेकतात. तोंडावर बोलता न येणारं कितीतरी तिच्या पाठीला ठाऊक होतं. आज तो म्हणाला होता, “माझा हात थरथरतो गं. उजवा. बरेच महिने झाले. लॅबमध्ये कुणाला कळू दिलं नाही, तुझ्या आईलाही नाही. ब्रश धरता येत नाही आता. मला भीती वाटते.” शेवटचं वाक्य त्याच्या स्वतःच्याही कानांना नवीन होतं, आणि तेवढ्यात खोडरबर पडलं.

तो उठला, बाथरूममध्ये गेला आणि नळ सोडून उगाच उभा राहिला.  फोनमध्ये गेलेली गोष्ट कुठे कुठे जाते हे त्याला पक्कं माहीत होतं. चार मुलं, म्हणजे चार घरं, म्हणजे चार आया, आणि त्यांतली एखादी आई ज्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे जात असेल त्यांच्या कॅप्स, म्हणजे दातांवरच्या टोप्या, तोच बनवत असणार. उद्या दुपारपर्यंत मालकाच्या कानावर. त्याच्याही आधी मुलीच्या कानावर, तेही कुणाच्या तरी तोंडून, शाळेच्या जिन्यात, ‘तुझ्या बाबांना काय झालंय गं’ असं. हे शेवटचं त्याला सगळ्यांत सोसेना. नोकरी गेली तर गेली, असं तो स्वतःला घटकाभर पटवू शकत होता. पण मुलीने ते बाहेरून ऐकावं आणि मग घरी येऊन त्याच्या हाताकडे चोरून बघावं, हे त्याला पटवता येत नव्हतं. हात नळाखाली धरला तेव्हा पाण्याच्या धारेलाही कंप सुटल्यासारखा दिसला. त्याने नळ बंद केला.

ताईची त्याला आठवण झाली ती साहजिकच. ताई, म्हणजे त्याची मोठी बहीण, सगळ्या नातेवाइकांचा ‘आपली माणसं’ नावाचा ग्रुप चालवायची. रोज उजाडलं की फुलांची शुभ सकाळ, संध्याकाळी प्रकृतीची काळजी घेण्याविषयी सल्ले, अधूनमधून कुणाच्या तरी लग्नातले जुने फोटो. मागे बायकोच्या गळ्यापाशी एक गाठ आली होती. तपासणीचा निकाल यायचा होता आणि त्याला कुणाशी तरी बोलल्याशिवाय राहवेना, म्हणून त्याने ताईला फोन केला, आणि कुणाला सांगू नकोस असं बजावलं. ताई फोनवर रडली, अगदी मनापासून रडली, आणि डोळे पुसून झाल्यावर तिने ते ग्रुपवर टाकलं. ताई वाईट नव्हती. तिला गोष्ट पोटात ठेवता यायची नाही, आणि हल्ली तर ती पोटापर्यंत जायच्या आधीच अंगठ्यातून बाहेर पडायची. मग जोडलेल्या हातांची चित्रं आली, रांगेने, एकसारखी. एका काकूंनी कुठलं हॉस्पिटल म्हणून विचारलं, दुसऱ्या काकांनी ते हॉस्पिटल कसं चांगलं नाही ते सांगितलं, आणि एका चुलतभावाने त्यातच आपल्या नव्या गाडीचा फोटो टाकून दिला. बायकोचा फोन स्वयंपाकघराच्या ओट्यावर पडला होता आणि प्रत्येक हात जोडण्याबरोबर थरथरत जरा जरा कडेकडे सरकत होता. ती त्याच्याकडे बघत उभी होती. त्याला वाटलं आता उचलेल, पण तिने उचलला नाही, तो खाली पडला, काच तडकली, आणि मगच ती म्हणाली, “मी अजून माझ्या आईला सांगितलं नव्हतं रे.” गाठ साधीच निघाली. ग्रुपवर दोन दिवस आनंद झाला आणि मग पुन्हा फुलं सुरू झाली. पण बायकोची आई, जिला ती बातमी विहिणीकडून कळली होती, ती अजूनही कधीकधी बोलता बोलता थांबते आणि विचारते, आणखी काही लपवत नाहीस ना.

तो स्वतः तरी कुठे मोठा शहाणा लागून गेला होता. त्याचंही फोनवर, सगळ्यांना बघता येईल असं एक पान होतं, आणि त्या पानावर दात असायचे. तो दातांच्या लॅबमध्ये काम करायचा. डॉक्टरांकडून मापं यायची, प्लास्टरचे साचे व्हायचे, आणि त्या साच्यांवर तो कॅप्स, ब्रिज, कवळ्या चढवायचा. त्यातही पुढचे दात ही त्याची खासियत. पुढचा दात पांढरा नसतो, हे लोकांना ठाऊक नसतं. मुळाशी तो पिवळसर, मधे दुधाळ, आणि टोकाला जवळजवळ काहीच नसल्यासारखा, नुसता उजेड असल्यासारखा. पोर्सेलिनची पूड पाण्यात कालवून, केसाएवढ्या ब्रशाने थरावर थर द्यायचे, भट्टीत घालायचे, काढायचे, पुन्हा थर द्यायचा. ज्यांच्यासाठी बनवायचा ती माणसं त्याला कधीच दिसायची नाहीत; कुणीतरी कुठेतरी न लाजता हसत असेल, एवढ्यावर समाधान मानायचं. पान सुरू केलं ते त्याच भुकेपोटी. तयार दाताचा फोटो काढून टाकायचा आणि मग भांडी घासताना, चपला घालताना, जिना उतरताना फोन उघडून बघायचं, किती जणांना आवडला. दूरदूरचे डॉक्टर लिहायचे, काय हात आहे तुमचा. गेले कित्येक महिने तो जुन्याच दातांचे फोटो नव्याने टाकत होता. फोटो कापून, उजेड बदलून, जणू कालच भट्टीतून काढलाय. लोक तेवढ्याच उत्साहाने वाहवा करायचे, आणि तो तेवढ्याच उत्साहाने आभार मानायचा. आणि मुलीचं पान? ते त्याने एकदा चोरून बघितलं होतं. तिथे एका भिंतीचा फोटो होता, रंग उडालेल्या, आणि बाकी काही नाही. बिचारी, त्याला वाटलं होतं, हिला कुणी मित्रमैत्रिणी नाहीत की काय.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये तो चोरासारखा शिरला. मालक भट्टीपाशी उभा राहून फोन चाळत होता. ह्याला बघताच त्याने मान वर केली आणि म्हणाला, तुझा कालचा दात बघितला हं, हात आहे की काय आहे. हात म्हटल्याबरोबर त्याने उजवा हात खिशात घातला. पण मालक मनापासून बोलत होता, जुन्याच फोटोविषयी बोलत होता. मग एका समोरच्या दाताचं काम आलं, त्याने साचा हातात घेतला, ब्रश भिजवला, आणि टोकाशी येता येता ब्रश असा हलला की सकाळपासून रचलेला उजेड एका फटक्यात गढूळ झाला. त्याने इकडेतिकडे पाहिलं. शेजारच्या बाकावर काम शिकायला आलेली मुलगी मेण तापवत होती. ‘जरा हा थर तू दे, तुला सवय व्हायला हवी,’ असं मोठेपणाने म्हणून त्याने साचा तिच्याकडे सरकवला. ती हरखली. हे असं तो किती दिवसांपासून करत होता, आणि सगळे म्हणत होते, हा माणूस किती मन लावून शिकवतो. त्या दिवशी फोन वाजला की तो हातातलं काम टाकून बघायचा. एकदा ‘आपली माणसं’चा होता, शुभ दुपार. एकदा बायकोचा, येताना ब्रेड आण. बाकी काही नाही.

त्यानंतरच्या दिवशीही काही नाही आणि त्याच्या पुढच्याही. मुलगी जेवताना नेहमीसारखी, विचारलं तेवढं बोलणारी. तो तिच्या तोंडाकडे बघत राहायचा आणि ती ‘काय?’ म्हणायची. मग एका संध्याकाळी, बायको घरी यायची होती आणि तो भाजी चिरत होता, म्हणजे सुरी डाव्या हातात धरून चिरल्यासारखं करत होता, तेव्हा मुलगी पाणी प्यायला आली. त्याने शक्य तितक्या सहजपणे विचारलं की तुम्ही मुलं तो फोन लावून बसता, त्यात बोलत तर काहीच नाही, मग लावता कशाला. ती म्हणाली, अभ्यास करायला. त्याने विचारलं, अभ्यास एकेकट्याने होत नाही का. होतो, पण मग कंटाळा आला की उठावंसं वाटतं. चारजण बसलेले दिसले की नाही उठावंसं वाटत. बोलायचं काही नसतं, ती म्हणाली, नुसतं असायचं. हे त्याला कळायला जरा वेळ लागला. त्याच्या फोनमध्ये हजार माणसं होती आणि सगळी सतत बोलत होती. त्यांत नुसतं असणारं कुणी होतं का, हे तो आठवून बघत राहिला. मग त्याने खरा प्रश्न विचारला.

“पण मग घरातलं सगळं ऐकू जात असेल की. आमचं बोलणं, भांडणं.”

“जातं ना. सगळ्यांच्याच घरचं येतं.”

“मग?”

“मागचा आवाज आपला नाही. आमचं ठरलंय तसं पहिल्यापासून.”

“ठरवल्याने ऐकू यायचं थांबतं का?”

“ऐकू येतं, बाबा. धरून ठेवायचं नाही. ज्याच्या मागचा आहे त्यालासुद्धा विचारायचं नाही. त्याने आपणहून काढलं तरच बोलायचं.” ग्लास विसळून पालथा घालत ती म्हणाली आणि गेली. इतकी वाक्यं एका दमात ती कितीतरी दिवसांनी बोलली होती.

मग तो बघायला लागला. चोरूनच म्हणायचं, पण आता त्याच्यात भीती कमी आणि नवल जास्त होतं. धुतलेले कपडे ठेवायच्या निमित्ताने कपाटाशी रेंगाळायचा, तिथून फोन दिसायचा, बारीक आवाजात ऐकूही यायचा. हळूहळू ती मुलं त्याच्या ओळखीची झाली. चष्मी, जिने त्याच्याकडे बघितलं होतं ती, लिहिताना जिभेचं टोक बाहेर काढायची. एकीची लांब वेणी होती आणि अवघड गणित आलं की ती वेणी दातांत धरायची. एक मुलगा सदा काहीतरी खात असायचा. त्याच्या वहीपेक्षा त्याची ताटली मोठी होती. आणि चौथीचा फोन असा ठेवलेला असायचा की तिचं फक्त कपाळ दिसे. गोरं, रुंद, शांत कपाळ, त्यावर आठ्या पडल्या की समजायचं विचार चाललाय. त्यांच्या मागे त्यांची घरं होती. कुठे कुकर, कुठे रडणारं पोर, कुठे कुणी म्हातारा माणूस खोकून खोकून बेजार. एकदा वेणीच्या मागून तिच्या आईचा आवाज चढला. कुणावर चढला ते कळलं नाही, पण शब्द असे होते की त्याचीच कानशिलं तापली. फोनमधल्या कुणीही मान वर केली नाही. पेनं चालू राहिली. मुद्दाम चालू ठेवली होती हे त्याला कळलं, कारण खाणाऱ्या मुलाचं पेन एकाच जागी फिरत होतं. दार आपटल्याचा आवाज आला आणि मग शांतता. वेणीने हाताच्या पाठीने डोळे पुसले. तेव्हा तो मुलगा काहीही न बोलता पुढे झाला आणि त्याने आपल्या ताटलीतलं एक बिस्किट कॅमेऱ्यासमोर धरलं, अगदी जवळ, त्याचा सगळा चौकोन भरेल असं. वेणीला हसू फुटलं. तिने तोंड उघडून घास घेतल्यासारखं केलं, त्याने बिस्किट खाऊन टाकलं, आणि सगळे पुन्हा वहीत शिरले.

कपाटाच्या उघड्या दाराआड, हातात टॉवेल घेऊन तो उभा राहिला. त्याला वाटलं, आपण ह्यांची इतकी वर्षं काळजी करत आलो. व्याख्यानं ऐकली, लेख वाचले, की ही पिढी फोनपायी माणसांपासून तुटत चालली आहे. पालकांच्या सभेत उठून बोललोसुद्धा होतो, टाळ्या मिळाल्या होत्या, त्या टाळ्यांचा फोटो काढून पानावर टाकला होता. आणि इकडे ही पोरं रोज संध्याकाळी एकमेकांची घरं कानावर घेत होती, त्यांतली अब्रू, त्यांतली अडचण, त्यांतलं सगळं, आणि डोळ्यांतल्या पाण्याला एक बिस्किट देऊन पुढे जात होती. कुणी शिकवलं असेल हे त्यांना? त्याने नव्हतं शिकवलं. ताईने तर नाहीच नाही. त्याला त्यांचं फार कौतुक वाटलं, आणि कौतुक वाटलं की काय करायचं हे त्याला एकच माहीत होतं, म्हणून त्याचा हात खिशातल्या फोनकडे गेला. मग तो स्वतःवरच हसला आणि टॉवेलची घडी घालायला लागला. घडी नीट येईना.

त्या आठवड्याच्या अखेरीस चष्मी पुस्तक परत करायला आली. मुलगी आंघोळीला गेली होती. त्याने दार उघडलं आणि दोघंही क्षणभर उंबऱ्याच्या दोन बाजूंना अवघडून उभी राहिली. फोनमध्ये दिसायची त्याहून ती लहान होती, त्याच्या खांद्यालाही न लागणारी. त्याने आत ये म्हटलं. ती म्हणाली, नको, घाई आहे. आणि पुस्तक देऊनही गेली नाही. चपलेच्या टोकाने पायपुसण्याची कड सरळ करत राहिली. मग ती जिन्यात उतरली, दोन पायऱ्या उतरून थांबली, आणि तो आपोआप तिच्यामागे बाहेर आला.

“काका, मी नियम मोडतेय,” ती म्हणाली. “पण आम्ही तिला काही सांगितलेलं नाही. एकानेही नाही. आपापसातसुद्धा बोललो नाही आम्ही त्यावर.”

 तो म्हणाला, “हो. माहीत आहे मला.”

“ते तुमचं आहे, तुम्हीच सांगायचं. फक्त…” तिने चष्मा वर सरकवला. “ती परवा विचारत होती, तुम्ही सगळे माझ्याशी एवढं चांगलं का वागताय म्हणून. आम्हाला नाही जमत काका, तिच्यासमोर नेहमीसारखं वागायला. आणि आम्हाला आधी कळलं हे बरोबर नाही. आधी तिला कळायला हवं होतं.”

एवढं बोलून ती भराभर उतरून गेली, उत्तराची वाट न बघता. तो कठड्याला धरून उभा राहिला. पन्नाशीला आलेल्या माणसाला एका पोरीने जिन्यात उभं करून चार शब्द सुनावले होते, आणि त्याला राग येण्याऐवजी अंगावरचं ओझं कुणी एका बाजूने धरल्यासारखं वाटत होतं. ती पोरं त्याचं गुपित उचलून चालत होती, तेही अशा मैत्रिणीसमोर, जिच्याबरोबर ती रोज बसायची. त्याला स्वतःला ते उचलता येईना म्हणून त्याने ते एका पाठीवर टाकायचा प्रयत्न केला होता. तो आत गेला आणि सगळ्यांत आधी आपल्या पानावरचे ते नवे म्हणून टाकलेले जुने दात एकेक करून काढून टाकले. अंगठा हलत होता, दोनदा भलतंच दाबलं गेलं, पण काढले. मग मेंदूच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन करून वेळ घेतली. इतके दिवस तो नंबर घरातल्या एका जुन्या साच्याखाली चिटोऱ्यावर पडून होता.

संध्याकाळी तो तिच्या खोलीत गेला तेव्हा पलंगावर बसला नाही. कोपऱ्यातलं स्टूल उचललं, तिच्या खुर्चीला वळसा घातला आणि ते टेबलाच्या बाजूला, दिव्याजवळ ठेवलं. असं की तिला तो समोर दिसेल, आणि फोनलाही. मुलीने चकित होऊन हेडफोन काढले. बाबांना काहीतरी बोलायचंय हे तिला कळलं आणि तिने फोन बंद करायला हात पुढे केला.

“राहू दे,” तो म्हणाला.

“बाबा, ऐकू जाईल त्यांना.”

“राहू दे तसाच.”

फोनमध्ये चष्मीने पेन खाली ठेवलं. तिने कानातली वायर काढली, खुर्ची मागे सरकवली आणि ती उठून गेली. तिचा चौकोन रिकामा झाला. मागे दिवा, खुर्ची, आणि खुर्चीवर टाकलेला स्वेटर. मग वेणी उठली. खाणारा मुलगा ताटली घेऊन उठला, दोन पावलं गेला, परत येऊन पाण्याची बाटलीही घेऊन गेला, म्हणजे बराच वेळ लागेल असा त्याचा अंदाज होता. शेवटी ते कपाळ हललं, वर वर गेलं, आणि कपाळाखालचा चेहरा त्याला पहिल्यांदा दिसला; लहानसा, घाबरलेला, नाकावर तीळ असलेला. तोही गेला. कुणी फोन बंद केला नव्हता. चार खोल्या होत्या, चार दिवे जळत होते आणि चार खुर्च्या रिकाम्या होत्या, त्यांतली एक अजून जरा फिरत होती. त्यांना जे आधीच माहीत होतं तेच तो सांगणार होता, तरीही ती उठून गेली होती.

“हे सगळे गेले कुठे?” मुलगी म्हणाली.

त्याने उजवा हात टेबलावर, दिव्याच्या उजेडात ठेवला. दाबून धरला नाही, डावा त्यावर ठेवला नाही, वहीखाली सरकवला नाही. हात थरथरत होता, आणि त्याच्याबरोबर टेबलावरचं पेनही अगदी बारीक आवाज करत होतं. मुलीने हाताकडे बघितलं, मग त्याच्या तोंडाकडे. तो बोलायला लागला. पाठीला सांगितलं होतं तेच सांगितलं, पण तोंडाला सांगायला फार वेळ लागला. मधे मधे थांबावं लागलं, कारण ऐकणारीचे डोळे भरत होते आणि ते बघत बघत बोलायचं होतं. काम करताना दात बिघडतात ते सांगितलं, शिकणाऱ्या मुलीला काम देतो ते सांगितलं, जुन्या फोटोंचंही सांगितलं. डॉक्टरांची वेळ घेतलीय, कदाचित काही मोठं नसेल, कदाचित असेल. आईला आज आल्यावर सांगणार आहे, तू शेजारी बस. आणि शेवटी, जे सांगायला जीभ सर्वांत जड झाली ते, की ह्या चौघांना हे आधीपासून ठाऊक आहे, कारण तुझ्या मागे बसून बोललो होतो आणि तुला सोडून सगळ्यांनी ऐकलं.

ती चिडेल असं त्याला वाटलं होतं, आणि चिडण्याचा तिला हक्कही होता. ती फोनकडे वळली. रिकाम्या खुर्च्यांकडे एकेक करून बघत राहिली, जणू त्यांत अजून माणसं बसलेली होती. “एकानेही नाही सांगितलं मला,” ती म्हणाली. मग तिने नाक ओढलं, खुर्ची त्याच्या बाजूला सरकवली आणि आपला हात टेबलावर ठेवला. त्याचा हात तिने धरला नाही, थांबवला नाही. नुसता आपला त्याच्या शेजारी, करंगळीला करंगळी लागेल असा ठेवून दिला. थरथर तिच्या करंगळीत जात होती आणि ती जाऊ देत होती. “डॉक्टरांकडे मी येणार,” ती म्हणाली. “आणि परत पाठीशी बोलू नकोस, बाबा. मला हाक मार.”

बऱ्याच वेळाने फोनमधल्या एका चौकोनात कडेने अर्धा चेहरा आत डोकावला, खाणाऱ्या मुलाचा. दोघांना बसलेलं बघून तो घाईघाईने मागे झाला. मुलीला रडता रडता हसू आलं. तिने फोनसमोर हात हलवला, या म्हणून. तो आला आणि त्याने इतरांना काय कळवलं कुणास ठाऊक, पण एकेक करून सगळी आली; वेणी, चष्मी, आणि शेवटी पुन्हा नुसतं कपाळ. कुणी काही विचारलं नाही. वह्या उघडल्या गेल्या. त्या मुलाने मात्र वही उघडली नाही. तो ताटलीकडे वळला, आणि एक बिस्किट उचलून त्याने ते कॅमेऱ्यासमोर धरलं, सगळा चौकोन भरेल असं जवळ, आणि तसंच धरून ठेवलं. ते आपल्या मुलीसाठी असावं असं त्याला वाटलं. पण मुलगी बाबांकडे बघत होती, आणि चष्मीही, आणि वेणीही. तेव्हा त्याने टेबलावरचा उजवा हात, जसा होता तसा, उचलला आणि ते घेण्यासाठी पुढे केला.